कुत्र्याला नाव, पणजोबांना आकडा

मी हिशेबनीस आहे. आनेकल तालुक्यातल्या जिगणीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची खाती बघते, त्याला आता सोळा वर्षं होतील. ज्या रकमेचा तपशील सापडत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकतो आणि मार्च संपायच्या आत तिचा छडा लावतो. नाही लागला तर ऑडिटर विचारतो, हे कुणाचं, कशाबद्दल, कुणाच्या सहीनं? त्याला हात जोडून ‘इथे प्रश्न विचारायचे नसतात’ असं मी आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल.

हेच वाक्य मला गेल्या जानेवारीत ऐकून घ्यावं लागलं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय सैनिक स्मारकात. आमच्या ओळखीतली सात-आठ मराठी कुटुंबं रविवारी सकाळी बोम्मसंद्र्याहून पिवळ्या मेट्रोनं निघाली, दोनदा गाडी बदलून विधानसौधला उतरली आणि नेहरू तारांगणाच्या शेजारच्या त्या बागेत गेली. हिरवळ, ध्वजस्तंभ, नावं कोरलेल्या शिळांच्या रांगा. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या एकवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे आहेत. आणि मध्ये पंचाहत्तर फुटी एकसंध दगड. त्याला नाव दिलंय वीरगल्लु.

माझा पुण्याहून आलेला भाचा नावं वाचत होता. चौदा वर्षांचा आहे, एनडीएची स्वप्नं बघतो. त्यानं विचारलं, “मावशी, हे सगळे एकाच लढाईत गेले का? हा कुठे मेला? आणि हा?” मी म्हटलं, इथे ते लिहिलेलं दिसत नाही, आपण शोधू. त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ, बँकेतून निवृत्त झालेले, अगदी प्रेमळ गृहस्थ, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळ, इथे प्रश्न विचारायचे नसतात. हात जोडायचे.” मुलानं हात जोडले. मग सगळ्यांनी त्या दगडासमोर फोटो काढले आणि आम्ही इडली खायला गेलो.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. आता बोलते आहे, कारण ते वाक्य एकट्या त्या गृहस्थांचं नाही. ते आपल्याकडच्या बहुतेक स्मारकांच्या दारावर न दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. आणि ज्या दगडाला आपण वीरगल्लु म्हणतो, त्या दगडाच्या जातीला ते वाक्य मुळीच शोभत नाही.

मराठीतला ‘वीरगळ’ हा शब्द कन्नडमधून आला. कल्लु म्हणजे दगड, वीरगल्लु म्हणजे वीराचा दगड. आपण शब्द घेतला, दगडही घेतले, पण एक गोष्ट घ्यायची राहिली. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. तीन-चार पट्ट्या कोरलेल्या असतात. खाली लढाई किंवा मेलेला वीर, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला तर अख्खं आरमार कोरलंय. पण कोण मेलं ते बहुतेक ठिकाणी कळत नाही. म्हणून गावोगाव ते दगड शेंदूर फासून देव झाले, नाहीतर विहिरीच्या काठी धुणं धुवायला लागले.

कर्नाटकातले दगड बोलतात. सगळे नाही, पण इतके की त्यांच्यावर एक शास्त्र उभं राहिलं. बेंजामिन लुईस राइसनं 1905 साली बेंगळुरू जिल्ह्याच्या शिलालेखांचा खंड छापला, त्यात आनेकल तालुक्याचा वेगळा विभाग आहे. मी राहते त्या चंदापुराच्या आसपास आज जिथे दुकानांच्या पाट्या आहेत, तिथल्या शेतांत माणसं कशी मेली ते दगडांवर लिहिलेलं होतं. आणि काय लिहितात हे दगड? एखाद्यानं हरण केलेल्या गाई सोडवून आणल्या आणि तो पडला. या गाई पळवण्याला जुन्या कन्नडमध्ये ‘तुरुगोळ्’ असा खास शब्द आहे. एखादा गाव उद्ध्वस्त होत असताना मेला. एखादा बायकांवर हात टाकणाऱ्यांशी लढताना मेला. मरणाचं कारण हा त्या दगडाचा कणा असतो. कारण नसेल तर दगड उभा करायचा कशाला, असाच त्या लोकांचा हिशेब दिसतो.

आनेकलहून शहराकडे येताना होसूर रस्त्याच्या डावीकडे बेगूर लागतं. तिथल्या नागेश्वराच्या देवळात इ. स. 890च्या सुमाराचा तो प्रसिद्ध लेख आहे, ज्यात बेंगळुरू हे नाव एका लढाईच्या निमित्तानं येतं. या शहराचं नाव पहिल्यांदा भेटतं ते असं, एका मेलेल्या माणसाच्या स्मारकावर. आयटीवाल्या पाहुण्यांना मी हे सांगते तेव्हा ते ‘हो का’ म्हणतात आणि ट्रॅफिकबद्दल बोलायला लागतात. पण मला सांगायचंय ते बेगूरच्या दुसऱ्या दगडाबद्दल. तो आता कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयाचा आहे. त्यावर हत्ती-घोड्यांच्या लढाईचं दाट कोरीवकाम आहे आणि खाली मजकूर. गंग राजा एरेयप्प यानं नागत्तराला सैन्य देऊन अय्यपदेवाच्या मदतीला धाडलं. वीरमहेंद्राविरुद्ध तुंबेपाडीला लढाई झाली. त्यात नागत्तर मेला. ते ऐकून एरेयप्पानं इरुगाला नागत्तर ही पदवी दिली आणि बेंपूरसह बारा गावं दिली.

पुन्हा वाचा. कुणी पाठवलं, कुणाच्या बाजूनं, कुणाविरुद्ध, कुठे, कोण मेलं, आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाला काय मिळालं. याला आम्ही व्हाउचर म्हणतो. अकराशे वर्षांपूर्वीचं, दगडात कोरलेलं, सहीसकट व्हाउचर. राजाला त्यात कमीपणा वाटला नाही. मेलेल्याचा मानही त्यानं कमी झाला नाही. उलट मी आज, एक परमुलखातली बाई, नागत्तराचं नाव घेते आहे ते त्या तपशिलामुळेच.

याच संग्रहालयाचा आणखी एक दगड आहे, मंड्याकडच्या आतकूरहून आणलेला, इ. स. 949-50चा. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि चोळ राजादित्य यांच्यातल्या तक्कोलमच्या लढाईचा उल्लेख त्यात आहे. बूतुग या गंग राजाचा मनलेर नावाचा सरदार. लढाईत त्यानं पराक्रम केला म्हणून राजा म्हणाला, माग काय हवं ते. त्यानं राजाचं शिकारी कुत्रं मागितलं. त्याचं नाव काळी. पुढे हे कुत्रं एका थोरल्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही मेली. मनलेरानं काळीसाठी दगड उभा केला, देवळाला जमीन दिली, आणि या दगडाची पूजा केल्याशिवाय पुजारी जेवला तर त्याला पाप लागेल अशी ताकीदही कोरून ठेवली. थोडक्यात, देखभालीची तरतूद झालेली आहे. ‘काळी’ या नावाचा अनुवादसुद्धा करावा लागत नाही.

मी तो दगड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पणजोबा आठवले आणि, लपवण्यात अर्थ नाही, राग आला.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं ज्या गावांतून भरती झाली तिथे संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले. झालं. गावाचं नावसुद्धा नाही, ‘या गावातून’. म्हणजे एक मजकूर ठरवायचा आणि फक्त दोन आकडे बदलत जायचे. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर सैनिकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, त्या एका गावातले 46 जण त्या युद्धात गेले. आमच्या पाटीवरचा दुसरा आकडा लहान आहे. त्या आकड्यात कुठेतरी माझे पणजोबा आहेत.

घरात त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की ते ‘बसऱ्याला गेले’. पणजी त्यांचं नाव घेत नसे, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं. आजीही घेत नसे, सासऱ्यांचं कसं घ्यायचं. आजोबांना पलटणीचा आकडा पाठ होता, एकशेदहा. पुढे मला कळलं की 110वी मराठा लाइट इन्फन्ट्री कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. घोडे खाल्ले, शेवटी सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली, आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. पणजोबा वेढ्यात मेले की त्या चालीत, की त्याआधीच तापानं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ‘प्राण अर्पण केले’ या क्रियापदात सगळं मावतं.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, साध्या शिपायांचीही. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक इतके. नावांची यादी नंतर कागदावर झाली, ती इंग्लंडात. दगडावर आकडाच राहिला. मौज अशी की ज्या आयोगानं हे केलं त्याचं तत्त्वच समतेचं होतं. 1918 साली ब्रिटिश म्युझियमच्या फ्रेडरिक केन्यननं अहवाल दिला की हुद्दा, धर्म, श्रीमंती न पाहता सगळ्यांच्या कबरींचे दगड सारखे हवेत. फ्रान्समध्ये ते पाळलं गेलं. आपल्या माणसांपर्यंत येईतो तत्त्व दमलं. 2021च्या एप्रिलमध्ये त्याच आयोगानं कबूल केलं की किमान 1,16,000 मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं नोंदच झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले होते. त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, उचंत खातं उघडलं.

मग तुम्ही म्हणाल, बाई, आता तर सगळं ठीक झालं. बेंगळुरूच्या स्मारकात एकवीस हजारांवर नावं आहेत, आकडा नाही. तुमची तक्रार इंग्रजांशी, ती इथे कशाला?

नावं आहेत, हे मोठंच आहे. ज्याच्या घरचा माणूस आकड्यात गेला त्याला नावाची किंमत शिकवू नये. पण नाव ही नोंदीची पहिली ओळ असते. तिच्यापुढची प्रत्येक ओळ आपण जाणूनबुजून कोरी ठेवतो आणि त्या कोरेपणाला पावित्र्य म्हणतो. कुठे, कुणाविरुद्ध, कुणाच्या हुकमावरून, घरच्यांना काय मिळालं? हे प्रश्न विचारणारा देशद्रोही नाहीतर मूर्ख ठरतो. फौजेत काम केलेली जी माणसं मला भेटली ती मात्र हे प्रश्न सहज विचारतात, तासन् तास विचारतात. आपण नागरिक हात जोडून मोकळे होतो.

एक उदाहरण देते, मुद्दाम अवघड. 1987च्या जुलैअखेर आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं. शांतिसेना म्हणून. ज्यांचं रक्षण करायला गेलं त्यांच्यातल्याच बंदूकधाऱ्यांशी ऑक्टोबरात लढू लागलं. पुढे तिथलंच सरकार म्हणालं, परत जा. मार्च 1990मध्ये शेवटची तुकडी आली. अकराशेहून अधिक जवान मेले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटचे, 25 नोव्हेंबर 1987च्या रात्री छातीत गोळी लागलेली असताना लढले आणि मेले. मरणोत्तर परमवीरचक्र. त्यांच्या शौर्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण त्यांना आणि त्या अकराशे जणांना तिथे कुणी, कोणत्या अंदाजावर पाठवलं, याची ओळ आपल्या कोणत्या दगडावर आहे? एरेयप्पानं नागत्तराला पाठवलं, असं बेगूरचा दगड स्वच्छ सांगतो. आपल्याकडे पाठवणाऱ्याची जागा ‘मातृभूमी’ या शब्दानं भरली जाते. मातृभूमी सही करत नाही.

आता माझ्या मागणीतली जी ओळ मलाच टोचते तिच्याकडे येते. ‘कुणाविरुद्ध’. वीरगल्लु शत्रूचं नाव घालतो. आणि कर्नाटकातले दगड वाचायला बसलं की त्या शत्रूंमध्ये ‘सेउण’ भेटतात. सेउण म्हणजे देवगिरीचे यादव. ज्यांच्या राज्यात ज्ञानेश्वरी झाली म्हणून शाळेत आपण त्यांना आपले म्हणायला शिकलो, ते. 1276 साली रामचंद्र यादवाचा सेनापती साळुव तिक्कम होयसळांच्या दोरसमुद्रावर चालून आला आणि बेळवाडीला लढाई झाली. त्या भागातल्या गावकऱ्यांच्या लेखी आपण गाव जाळायला आलेले लोक होतो. पाचशे वर्षांनी, 1791मध्ये, टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूनं उतरलेल्या पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाला मदत पाठवली टिपूनं. त्याची कन्नड पत्रं 1916 साली मठात सापडली. हे आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत कुणी सांगत नाही. शहाजीराजांची बेंगळुरूची जहागीर दरवर्षी सांगितली जाते.

मी हे अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. साळुव तिक्कमाचा माझ्याशी काय संबंध? पण स्मारकात तपशील नको असं म्हणणाऱ्यांची खरी भीती मला इथे कळते. तपशील आला की कधीतरी दगडावर आपलंच नाव शत्रू म्हणून वाचावं लागतं. माझ्या पणजोबांचंही तेच आहे. ते इराकच्या मातीत मेले, तिथल्या कुणा बाईच्या लेखी ते गाव जाळायला आलेले लोक असतील. तेही लिहा की. ‘साम्राज्याच्या हुकमावरून, परक्या देशात, तुर्कांविरुद्ध, पगारासाठी.’ यातल्या कुठल्या शब्दानं त्यांचा मान कमी होतो ते मला दाखवा. मला तर या शब्दांनी ते पहिल्यांदा माणूस वाटतात, चार एकर कोरडवाहू असलेला, घरी तान्हं पोर असलेला.

कुणी म्हणतं, स्मारक म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, एवढं सगळं कुठे लिहायचं? जागा आहे. पंचाहत्तर फूट आहे. मनलेरानं कुत्र्यासाठी जागा काढली. खरं तर ओळ लागते एकच. गाव, लढाई, साल, कुणाचा हुकूम. एकवीस हजार ओळी हे ग्रॅनाइटच्या आनेकल-जिगणी भागात फार मोठं काम नाही, इथे दगड कापायचे कारखाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि नाव कोरून देणारी पोरं तासाभरात नेमप्लेट करून देतात.

आमच्या वसाहतीमागे तळं आहे. त्याच्या बांधावर एक तीन फुटी दगड अर्धा मातीत आहे. धनुष्य घेतलेला माणूस, त्याच्यामागे गाईंची रांग, वर दोन अप्सरा, माथ्यावर झिजलेले चंद्र-सूर्य. मधल्या पट्ट्यांवर अक्षरं आहेत, माझ्या शाळकरी कन्नडला ती लागत नाहीत. शेजारच्या शेताची म्हातारी मालकीण, आम्ही सगळे तिला अज्जीच म्हणतो, दर सोमवारी तिथे दिवा लावते. शेत आता विकलं गेलंय. बांधावर खुणेचे पिवळे खांब आले आहेत आणि कंपाउंडची भिंत ज्या रेषेत येणार ती रेषा दगडाच्या मधोमध जाते. मिथिक सोसायटीच्या लोकांनी बेंगळुरू परिसरातले असे शिलालेख त्रिमितीत स्कॅन करून ठेवायचं काम हाती घेतलंय, मोठं काम आहे, मी त्यांना कळवलंय. पण स्कॅन संगणकात राहील. दगडाचं काय करायचं, असं ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, देव असेल तर हलवू, नुसता दगड असेल तर भरावात जाईल. शहराच्या मध्यावर पंचाहत्तर फुटांचा वीरगल्लु उभा करणाऱ्या राज्यात तीन फुटांच्या वीरगल्लुला जगायचं तर देव असल्याचं सिद्ध करावं लागतं.

स्मारकाहून आलो त्या संध्याकाळी भाच्याला घेऊन मी बांधावर गेले. अज्जी वाती वळत होती. मुलानं मोडक्या हिंदीत विचारलं, हा कोण? अज्जी म्हणाली, गाई सोडवायला गेला होता. नाव? ते तिला माहीत नव्हतं, अक्षरांकडे बोट दाखवून म्हणाली, त्यात असेल. मग मी तिला माझ्या तोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की आमच्या घरातलाही एक असाच लढाईत मेला, खूप लांब, समुद्रापलीकडे. तिनं विचारलं, गाई कुणाच्या होत्या?

मला उत्तर देता आलं नाही.

आजोबांच्या रेशनकार्डावर त्यांच्या नावाच्या मधोमध पणजोबांचं नाव आहे, शिल्लक आहे ते तेवढंच. ते मी इथे लिहीत नाही. त्याची जागा आमच्या गावच्या पाटीवर आहे, दुसऱ्या आकड्याच्या खाली, आणि मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलंय की खर्च माझा, कोरणारा माणूस आनेकलहून मी घेऊन येते. मजकूर चार ओळींचा आहे. तिसरी ओळ ‘कुणाच्या हुकमावरून’ अशी आहे. तिच्यावर ग्रामसभेत चर्चा होईल असं उत्तर आलंय.